बातमीत ‘दहशतवादी’ शब्द आला की काय काय तपासायचं

विदर्भातल्या पेपरात दहशत रोजचीच. ब्रह्मपुरीकडे वाघाची दहशत, कुठल्याशा वस्तीत तडीपार गुंडाची दहशत, मोकाट कुत्र्यांची दहशत. त्या बातम्या आपण चहासोबत वाचतो आणि पान उलटतो. ‘दहशतवादी’ हा शब्द वेगळा. तो ज्याच्या नावापुढे लागतो त्याचा जामीन अवघड होतो, संघटना असेल तर बंदी येते, घरच्यांना भाड्याने खोली मिळणं मुश्कील होतं. आणि ज्यांचं माणूस स्फोटात गेलं त्यांच्या दृष्टीने त्याच शब्दात न्यायाची मागणी असते. असा शब्द सभेत, चॅनेलवर आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर वाटेल तसा वापरला जातो, हे मला मनापासून खटकतं.

नागपूरला तर या शब्दाची झळ जवळून लागलेली आहे. १ जून २००६ ला महालातल्या संघ मुख्यालयावर हल्ल्याचा प्रयत्न झाला आणि तिघे हल्लेखोर पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यातल्या याकूब मेमनला ३० जुलै २०१५ ला इथल्याच मध्यवर्ती कारागृहात फाशी झाली. गडचिरोलीतल्या माओवाद्यांविरुद्धच्या अभियानाची सूत्रं नागपुरातून हलतात, आणि तिथले मोठे खटले सिव्हिल लाइन्समधल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे येतात. त्यामुळे हा शब्द कसा वाचायचा हे आपल्याला नीट यायला हवं. खाली दिलेली पद्धत मी अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या मुलांसोबत वापरतो. ती कुणालाही जमेल. एक वही घ्या आणि महिनाभर रोज एकच बातमी या पद्धतीने वाचा.

पायरी १: शब्द खोडा आणि कृत्य लिहा

समजा बातमी आहे, ‘पोलिसांनी दोन दहशतवाद्यांना अटक केली’. शब्द खोडला की उरतं, ‘पोलिसांनी दोघांना अटक केली’. आता त्या दोघांनी काय केलं, किंवा काय केल्याचा आरोप आहे, ते बातमीतून शोधून लिहा. स्फोट घडवला? हत्यारं बाळगली? पैसे पाठवले? पत्रकं जवळ सापडली? भाषण केलं? बऱ्याच बातम्यांमध्ये मथळ्यातला शब्द मोठा असतो आणि चौथ्या परिच्छेदापर्यंत कृत्याचा पत्ता नसतो. तसं असेल तर वहीत ‘कृत्य दिलेलं नाही’ असं स्पष्ट लिहा.

कृत्य सापडलं की तीन गोष्टी पाहा: हिंसा कुणावर झाली, त्यातून घाबरवायचं कुणाला होतं, आणि मागणी काय होती. यातला मधला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. खून करणाऱ्याला साधारणपणे समोरचा माणूस मरायला हवा असतो. दहशतवादी कृत्यात जो मेला त्याच्यापेक्षा जो जिवंत राहून पाहतो आहे तो खरा श्रोता असतो.

गडचिरोलीचंच पाहा. माओवादी एखाद्या आदिवासी गावकऱ्याला पोलिसांचा खबऱ्या ठरवून रात्री घरातून ओढून नेतात, मारतात, आणि मृतदेहाशेजारी पत्रक टाकून जातात. ते पत्रक मेलेल्या माणसासाठी नसतं. सकाळी तिथे जमणाऱ्या गावासाठी, शेजारच्या पाड्यांसाठी, पुढच्या निवडणुकीत मतदानाला जाऊ की नको असा विचार करणाऱ्यासाठी असतं. बळी नि:शस्त्र, हेतू राजकीय, धाक बघणाऱ्यांना. ‘दहशतवाद’ या शब्दाचा अर्थ मुलांना समजावताना मी व्याख्येआधी हे पत्रक समोर ठेवतो.

आता दुसरी घटना. १ मे २०१९, महाराष्ट्र दिन, कुरखेड्याजवळ जांभुळखेडा. भूसुरुंगाच्या स्फोटात पोलिसांचे १५ जवान आणि त्यांच्या खासगी गाडीचा चालक गेला. हा गुन्हा भयंकरच आहे आणि भारतीय कायदा त्याला दहशतवादी कृत्य म्हणतो. पण अनेक अभ्यासक सशस्त्र दलांवरचा हल्ला आणि नि:शस्त्र नागरिकांवरचा हल्ला यांची वेगळी नोंद करतात. तसं वेगळं नोंदवल्याने जवानांच्या मरणाचं दु:ख कमी होत नाही. व्याख्या कुठे आणि का ताणली जाते, एवढं त्यातून दिसतं. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या २००४ सालच्या १५६६ क्रमांकाच्या ठरावात जीव घेण्याचा, गंभीर इजा करण्याचा किंवा ओलीस धरण्याचा हेतू आणि त्यातून लोकांत दहशत बसवण्याचा किंवा सरकारला झुकवण्याचा उद्देश, असा मेळ घातलेला आहे. वहीच्या पहिल्या पानावर एवढं लिहून ठेवा, पुढे तुलनेला कामी येतं.

या पायरीवर बरेच शब्द आपोआप गळून पडतात. ‘करदहशतवाद’, ‘भाषिक दहशतवाद’, ‘सांस्कृतिक दहशतवाद’ यांतून बोलणाऱ्याचा राग समजतो, पण त्यांत कुणी कुणाला मारलेलं नसतं. आयकराच्या नोटिशीला आणि पहलगामला एकच शब्द वापरणं मला पहलगामच्या २६ मृतांचा अवमान वाटतो.

पायरी २: हे कोण म्हणतंय

वाक्याचा कर्ता शोधा. पोलीस अधीक्षक पत्रकार परिषदेत म्हणाले, मंत्री सभेत म्हणाले, न्यायालयाने निकालात म्हटलं, की बातमीदाराने स्वत:च ठोकून दिलं? ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ असेल तर तसंच नोंदवा.

बीबीसी आपल्या तोंडाने हा शब्द सहसा वापरत नाही, कुणी वापरला असेल तर त्याच्या नावाने देते. पहलगामच्या हल्ल्यानंतर, एप्रिल २०२५ मध्ये, हल्लेखोरांसाठी सौम्य शब्द वापरल्याबद्दल भारत सरकारने बीबीसीला नाराजीचं पत्र पाठवलं. माझं मत सांगतो: धर्म विचारून पर्यटकांना गोळ्या घालणाऱ्यांना दहशतवादी म्हणताना कुठल्याही संपादकाने अडखळू नये, कारण तिथे कृत्य सगळ्यांसमोर आहे. मात्र कृत्य सिद्ध व्हायचं असताना एखाद्या नावापुढे हा शब्द लावायचा असेल तर तो कुणाच्या तरी तोंडी घातलाच पाहिजे. कृत्याला शब्द लावणं आणि माणसाला शब्द लावणं, ही दोन वेगळी कामं आहेत.

पायरी ३: कलम विचारा, यादी विचारा

इथे थोडा वेळ द्यावा लागेल, कारण राजकीय वापराचं मूळ बरंचसं इथेच आहे.

आज मुख्य कायदा आहे बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) अधिनियम, १९६७, म्हणजे यूएपीए. मुळात तो फुटीर संघटनांवर बंदी घालण्यासाठी होता. दहशतवादासाठी १९८५ मध्ये टाडा आला आणि १९९५ मध्ये मुदत संपून गेला. २००२ मध्ये पोटा आला, संसदेच्या संयुक्त अधिवेशनात मंजूर झाला, आणि २००४ मध्ये रद्द झाला. पण रद्द होताना त्याच्यातली दहशतवादाची कलमं यूएपीएत येऊन बसली. टाडा आणि पोटा मुदतीचे कायदे होते, त्यांची मुदत वाढवायची तर संसदेत पुन्हा चर्चा व्हायची. यूएपीएला मुदतच नाही. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर २००८ मध्ये जामिनाची अट कडक झाली, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर संघटनेप्रमाणेच एकट्या व्यक्तीलाही सरकार ‘दहशतवादी’ घोषित करू शकतं.

दहशतवादी कृत्याची व्याख्या कलम १५ मध्ये आहे. देशाची एकता, अखंडता, सुरक्षा, आर्थिक सुरक्षा किंवा सार्वभौमत्व धोक्यात आणण्याच्या, अथवा लोकांत दहशत बसवण्याच्या हेतूने केलेलं कृत्य. ‘हेतू’ सोबत ‘तशी शक्यता असणारं’ कृत्यही धरलेलं आहे. साधनांच्या यादीत बॉम्ब, डायनामाइट, बंदुका, विष, रसायनं येतात आणि शेवटी ‘अन्य कोणत्याही स्वरूपाचं साधन’ असंही येतं. कायद्याचं पुस्तक उघडून हा शेवटचा तुकडा स्वत: वाचा. रास्ता रोको किंवा भाषण यांचं काय, हा वाद कोर्टात जाऊन पोहोचतो तो याच तुकड्यामुळे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेतही कलम ११३ आलं आहे, आणि गुन्हा त्याखाली नोंदवायचा की यूएपीएखाली, हे पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी ठरवतो.

यादीचं प्रकरण पेपरात नेहमी घोळतं. यूएपीएच्या पहिल्या अनुसूचीत दहशतवादी संघटना आहेत. भाकप (माओवादी) २००९ पासून तिथे आहे. चौथ्या अनुसूचीत व्यक्ती आहेत. सप्टेंबर २०१९ मध्ये पहिली चार नावं मसूद अझहर, हाफिज सईद, झकी-उर-रहमान लखवी आणि दाऊद इब्राहिम यांची होती. तिसरा प्रकार कलम ३ खालच्या ‘बेकायदेशीर संघटनां’चा. पीएफआय, म्हणजे पॉप्युलर फ्रंट ऑफ इंडिया, या संघटनेवर सप्टेंबर २०२२ मध्ये पाच वर्षांची बंदी आली ती या तिसऱ्या प्रकारात. अनेक ठिकाणी मात्र ‘दहशतवादी संघटना’ असंच छापून आलं. बंदी असली तरी दोन्हींचे परिणाम आणि दाद मागायची वाट वेगवेगळी आहे. म्हणून वहीत नुसतं ‘बंदी’ लिहू नका, कोणत्या कलमाखाली ते लिहा.

कायद्यातला अर्थ आणि आपल्या मनातला अर्थ किती लांब असू शकतात याचं सगळ्यात धक्कादायक उदाहरण राजीव गांधींच्या हत्येचं. मानवी बॉम्बने माजी पंतप्रधानांचा जीव घेतला, सोबत इतर लोक गेले. तरीही मे १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे टाडातलं दहशतवादी कृत्य ठरत नाही असं सांगितलं, कारण सरकारला धाक घालण्याचा किंवा जनतेत दहशत बसवण्याचा हेतू पुराव्यातून सिद्ध झाला नव्हता. खुनाची आणि कटाची शिक्षा झालीच. हे उदाहरण दिलं की वर्गात वाद पेटतो, आणि तो पेटायलाच हवा.

पायरी ४: खटला कुठल्या टप्प्यावर आहे

एफआयआर, अटक, आरोपपत्र, आरोप निश्चिती, साक्षीपुरावा, निकाल, अपील. बातमी यापैकी कुठली, ते समासात लिहा. अटकेच्या दिवशी आठ कॉलमी मथळा आणि सुटकेच्या दिवशी आतल्या पानावर चार ओळी, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

माओवाद्यांशी संबंध असल्याचा आरोप झालेले दिल्ली विद्यापीठाचे प्रा. जी. एन. साईबाबा यांचा खटला टप्प्यांनुसार मांडून पाहा, कारण तो पूर्ण आपल्या भागात चालला. मे २०१४ मध्ये अटक. मार्च २०१७ मध्ये गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाकडून जन्मठेप. १४ ऑक्टोबर २०२२ ला नागपूर खंडपीठाने खटल्यासाठी लागणारी मंजुरी कायदेशीर नव्हती म्हणून सुटकेचा आदेश दिला. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, सर्वोच्च न्यायालयाने विशेष सुनावणी घेऊन तो स्थगित केला. एप्रिल २०२३ मध्ये प्रकरण नव्याने ऐकण्यासाठी पुन्हा नागपूरला आलं. ५ मार्च २०२४ ला दुसऱ्या पीठाने सगळ्यांना पुन्हा निर्दोष सोडलं. तोपर्यंत सहआरोपींपैकी पांडू नरोटे हा आदिवासी तरुण तुरुंगातच, ऑगस्ट २०२२ मध्ये, आजारपणात गेला होता. साईबाबाही सुटकेनंतर सात महिन्यांत, १२ ऑक्टोबर २०२४ ला वारले. आता विचारा: या दहा वर्षांत ‘दहशतवादी’ हा शब्द कोणत्या तारखेला बरोबर होता? साईबाबांचे विचार कुणाला पटोत न पटोत, या प्रश्नाचं उत्तर तारीखवार द्यावं लागतं.

टप्प्याला इतकं महत्त्व का, ते जामिनाच्या कलमातून समजतं. यूएपीएच्या कलम ४३ ड (५) नुसार, केस डायरी किंवा आरोपपत्र पाहून आरोप प्रथमदर्शनी खरे वाटत असतील तर न्यायालय जामीन देऊ शकत नाही. २०१९ च्या वटाली निकालात सर्वोच्च न्यायालयाने या टप्प्यावर पुराव्याची सखोल छाननी करू नये असं सांगितलं. २०२१ च्या नजीब निकालात, खटला वर्षानुवर्षं रेंगाळला तर जामीन देता येतो असंही सांगितलं. आरोपपत्रासाठी एरवी ६० किंवा ९० दिवस मिळतात, इथे ते १८० पर्यंत नेता येतात. म्हणजे शब्द लागल्यापासून तो खरा की खोटा हे ठरेपर्यंतची वर्षं माणूस बहुतेक वेळा आत काढतो. नागपूर विद्यापीठाच्या इंग्रजी विभागप्रमुख शोमा सेन यांना जून २०१८ मध्ये अटक झाली, एल्गार परिषद प्रकरणात. सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला एप्रिल २०२४ मध्ये. खटला अजून उभाच राहिलेला नव्हता.

सरकारने संसदेत दिलेल्या आकडेवारीनुसार २०१६ ते २०२० या काळात यूएपीएखाली ५,०२७ गुन्हे आणि २४,१३४ आरोपी होते, दोषी ठरले २१२. हा आकडा सांगताना एक पथ्य पाळा: उरलेले सगळे निर्दोष होते असं त्यातून निघत नाही, कारण बहुतेक खटले प्रलंबित होते. पण प्रलंबित असणं म्हणजे काय, ते वरच्या तारखांवरून कळतंच.

पायरी ५: दोन्हीकडे एकच माप

जुलै २०२५ मध्ये दहा दिवसांच्या अंतराने दोन निकाल आले. २१ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६ च्या लोकल रेल्वेतल्या साखळी स्फोटांच्या खटल्यात बाराही जणांना निर्दोष ठरवलं. त्यांतले काही जण इथल्याच मध्यवर्ती कारागृहातून बाहेर पडले. ३१ जुलैला राष्ट्रीय तपास संस्थेच्या (एनआयए) विशेष न्यायालयाने २००८ च्या मालेगाव स्फोटातल्या सातही आरोपींना निर्दोष सोडलं. पहिल्या घटनेत १८० पेक्षा जास्त माणसं गेली, दुसरीत सहा. पहिला निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यावर सर्वोच्च न्यायालयाने तीन दिवसांत स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत आत जावं लागलं नाही.

हे दोन निकाल वहीत आमनेसामने लिहा आणि त्या आठवड्यात आपण, आपल्या घरच्यांनी, आपल्या आवडत्या नेत्याने दोन्हींवर काय म्हटलं ते आठवा. एका निकालावर ‘पुराव्याअभावी सुटले’ आणि दुसऱ्यावर ‘सत्याचा विजय’ असं म्हटलं गेलं असेल, तर माप बदललेलं आहे. कुठल्या बाजूने, याला महत्त्व नाही. २०१० मध्ये पी. चिदंबरम यांनी ‘भगवा दहशतवाद’ हा शब्द वापरला, जानेवारी २०१३ मध्ये सुशीलकुमार शिंदे ‘हिंदू दहशतवाद’ म्हणाले आणि पुढच्याच महिन्यात त्यांनी खेद व्यक्त केला. त्यावर चिडलेल्यांचं म्हणणं होतं की आरोपींच्या नावाखाली सगळ्या धर्मावर शिक्का मारू नका. म्हणणं रास्तच आहे. ते ‘इस्लामी दहशतवाद’ सरसकट बोलतानाही लागू आहे. आणि या सगळ्या गदारोळात एक प्रश्न कुणी विचारत नाही, तो तुम्ही विचारा: मग ती माणसं मारली कुणी? मुंबईची आणि मालेगावची कुटुंबं अजून त्याच प्रश्नापाशी आहेत.

पायरी ६: साल बघा

शब्द एका जागी थांबत नाही. फ्रान्समध्ये १७९३-९४ च्या ‘दहशतीच्या राजवटी’त दहशत सरकारचीच होती. आपल्याकडे ब्रिटिशांनी बंगालमधल्या क्रांतिकारकांसाठी १९३२ मध्ये कायदाच केला, त्याच्या नावातच ‘दहशतवादी’ शब्द होता. भगतसिंगांनी फेब्रुवारी १९३१ च्या पत्रात आपण दहशतवादी नाही, फार तर सुरुवातीच्या काळात असेन, असं लिहिलं. ८ एप्रिल १९२९ ला सेंट्रल असेंब्लीत टाकलेल्या बॉम्बने कुणी मरू नये अशी काळजी घेतली होती. पहिल्या पायरीचे प्रश्न इथे लावून पाहा, उत्तर वेगळं येतं.

नेल्सन मंडेला यांचं नाव अमेरिकेच्या दहशतवादविषयक यादीतून २००८ मध्ये निघालं, तोवर ते राष्ट्राध्यक्षपद भूषवून निवृत्त झाले होते. पुढे सीरियाचे अध्यक्ष झालेल्या अहमद अल-शरा यांच्या डोक्यावर अमेरिकेने एक कोटी डॉलरचं इनाम लावलं होतं, ते डिसेंबर २०२४ मध्ये उठलं, मे २०२५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष त्यांना भेटले. रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये तालिबानवरची बंदी स्थगित केली. कृत्यं बदलली म्हणून की गरज बदलली म्हणून, हे प्रत्येक वेळी वेगळं शोधावं लागतं. भारताने संयुक्त राष्ट्रांत १९९६ मध्ये दहशतवादाविरुद्धच्या सर्वंकष कराराचा मसुदा मांडला. परकीय सत्तेविरुद्धचा लढा आणि सरकारी सैन्याची कृत्यं यांचं काय करायचं, यावर तो अजून अडलेला आहे.

आपल्या जवळचं सांगायचं तर ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं ठेवली. आदल्या दिवशीपर्यंतचा शब्द दुसऱ्या दिवशी ‘आत्मसमर्पित’ झाला. माणसांना परत यायला वाट असावी म्हणून ते चांगलंच झालं. पत्रकाशेजारी पडलेल्यांच्या घरच्यांना मात्र कुणीतरी विचारायला हवं होतं.

पायरी ७: स्वत: लिहिताना

उत्तरपत्रिकेत, पत्रात, पोस्टमध्ये हा क्रम धरा: आधी कृत्य, मग आरोप कुणी केला, मग कलम, मग टप्पा. ‘अमुक दहशतवाद्याला अटक’ ऐवजी ‘अमुक स्फोटाच्या प्रकरणात यूएपीएखाली एकाला अटक’. तीन शब्द वाढतात, पण निर्दोष सुटल्यावर तुमचं वाक्य खोटं पडत नाही. शिक्षा अंतिम झाली असेल तर मात्र आडपडदा न ठेवता शब्द वापरा. कसाबला ‘कथित’ म्हणायची गरज नाही.

सरावासाठी महाराष्ट्र विशेष जन सुरक्षा विधेयक घ्या. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात ते मांडून संयुक्त समितीकडे गेलं आणि जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. भाषणांत शब्द होता ‘शहरी नक्षलवाद’. केंद्रीय गृह मंत्रालयाने २०२० मध्ये राज्यसभेत सांगितलं होतं की तो शब्द मंत्रालय वापरत नाही. विधेयकातला शब्द आहे ‘बेकायदेशीर कृत्य’, आणि त्यात प्रस्थापित कायद्याची अवज्ञा करण्यास प्रोत्साहन देणंही येतं. समितीनंतर विधेयकाच्या शीर्षकात ‘कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटना’ असं आलं. भाषण एका पानावर, कलमं समोरच्या पानावर लिहा, आणि ‘तत्सम’ या शब्दाखाली रेघ मारा. मग संविधान चौकात किंवा टेकडी रोडवर अधिवेशनात येणारे मोर्चे डोळ्यांसमोर आणा. त्यांतलं कोण या व्याख्येत येऊ शकेल आणि कोण नाही, हे कलमाचा क्रमांक देऊन लिहा.

मूळ कागद मिळवणं अवघड नाही. कायद्यांचा मजकूर इंडिया कोडच्या संकेतस्थळावर आहे, अधिसूचना ई-राजपत्रावर, खटल्याचा टप्पा ई-कोर्ट्सवर. खंडपीठाचे निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर प्रकरण क्रमांक आणि साल टाकून उघडतात, फक्त खंडपीठ म्हणून ‘नागपूर’ निवडायला विसरू नका. निकाल इंग्रजीत असतो आणि लांबलचक असतो. पूर्ण वाचणं झेपत नसेल तर आरोपांचा परिच्छेद आणि शेवटचा आदेश एवढं तरी वाचा, आणि मग त्या दिवशीचा मथळा शेजारी ठेवून पाहा.